मेण्यातली हाक

बसा रे, सरकून बसा. आणि रुपेश, ती बॅटरी आधी बंद कर, माझ्या डोळ्यांत येते. कुठं निघालास एवढ्या रात्रीचा? मेण्याच्या नाळेनं, त्या डोंगरातल्या घळीतनं वर जातोस? ऐकलंत का, हा म्हणतो तासाभरात माथ्यावर पोचतो आणि तिथनं पहाटेची एसटी धरतो. अरे, तुझ्या बापानं कधी रात्री त्या नाळेत पाय टाकला नाही, तुझ्या आज्यानं टाकला नाही, आणि तू चप्पल घालून निघालास. बस खाली. खळ्यावर शेकोटी आहे, चहा आहे, राखणीला आम्ही जागेच आहोत. गोष्ट संपली की जायचं तर जा, मी काही तुझे पाय बांधत नाही.

ऐका आता. मध्ये बोलायचं नाही. हुंकार तेवढा द्यायचा.

पेशवाईतली गोष्ट आहे. वर माथ्यावर इनामदाराचं मोठं घर होतं. त्या घरात सगुणी नावाची एक बटीक होती. आता हा विचारतोय बटीक म्हणजे काय. सांगितलं ना मध्ये बोलू नको म्हणून. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई, बाबा. बाजारात बैल घेतात तशी. दुष्काळात आईबापानं दाण्यांवर दिलेली, या घरातनं त्या घरात फिरत इथं आलेली. तिला पगार नाही, माहेर नाही, आजारी पडायची सोय नाही. आणि बटकीला लेकरू झालं तर ते तिचं नाही. ते घराचं. गोठ्यात वासरू झालं की कसं, तसंच.

तर या सगुणीला एक लेक होती, पुतळी. सात-आठ वर्षांची असेल. इनामदाराच्या मुलीचं लग्न लागलं आणि आंदणात काय काय द्यायचं ते बाईसाहेब सांगत बसल्या होत्या. तांब्याची भांडी द्या, दुभती म्हैस द्या, आणि ती पुतळीपण देऊन टाका, पाय चेपायला होईल. सगुणी तिथंच भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंसुद्धा नाही. तिनं ऐकलं एवढंच. म्हशीचं नाव आधी घेतलं, पोरीचं मागनं. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, तिकडं लांब गोदाकाठाला. तिकडं गेलेली पोर परत दिसते कशाला?

सगुणीनं भाकरी उलटली, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. आणि रात्री घर झोपल्यावर पोरीला उठवून निघाली.

निघाली म्हणजे कुठं? तर खाली खाडीकडं. खाडीपलीकडं दुसऱ्याचं राज्य होतं, तिथं इनामदाराच्या शिपायाचं काही चालत नव्हतं. मासळी घेऊन वर येणाऱ्या एका कोळणीनं सगुणीला कधीचं सांगून ठेवलं होतं, की माझा भाऊ पहाटे सुकती लागली, ओहोटी सुरू झाली की होडी सोडतो. काठावर असशील तर नेईल. नसशील तर तुझ्यासाठी खाडीचं पाणी काही थांबायचं नाही.

आणखी एक घोर होता. त्या घरात पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की बाईसाहेब कूस बदलून पुन्हा झोपायच्या. जातं वाजलं नाही तर जाग्या व्हायच्या. दळायचं काम सगुणीचं. मग त्या घरात भागी म्हणून दुसरी बटीक होती, म्हातारी, दोन्ही गुडघे गेलेली. ती म्हणाली, तू जा गं, जातं मी ओढते. दाणे संपले तर रिकामं ओढीन, पण ओढीन.

खाली यायला वाटा दोन. मोठ्या घाटात चौकी, तिथं पळून चाललेल्या माणसाला हटकून धरायचे. दुसरी ही आपली नाळ. नाळेत चौकी नव्हती, कारण तिथं रात्री बसायला एक शिपाई तयार होत नव्हता. का, तर नाळेतला मेणा.

मेण्याचं असं झालं होतं. त्याच इनामदाराच्या घरातल्या कुणी एक जुन्या बाईसाहेब समुद्रस्नानाला गेल्या होत्या. परत येताना नाळेतच त्यांना पटकी झाली. भोई घाबरले, तिथल्या पाण्याच्या टाक्यापाशी मेणा टेकवला आणि पळाले. आत बाईसाहेब एकट्या. रात्रभर हाका मारत होत्या, कोण आहे तिकडे, कोण आहे तिकडे. कोण असणार? सकाळपर्यंत गेल्या. वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण मेल्यावर तरी माणसानं हट्ट सोडावा की नाही? या बाईनं सोडला नाही. रात्री त्या वाटेनं कुणी निघालं की हाक यायची. ज्यानं ओ दिली तो सकाळी माथ्यावर मरून पडलेला सापडायचा, आणि त्याच्या खांद्याची सालटी निघालेली असायची.

सगुणीला हे सगळं माहीत होतं. घरातल्या प्रत्येक बटकीला माहीत होतं. म्हणून ती उतरताना मनाशी घोकत होती, हाक येईल, ओ द्यायची नाही. हाक येईल, ओ द्यायची नाही. आणि शेजारी पोरीची वेगळीच टकळी.

"आये, कुठं चाललो?"

"गप."

"म्हैस येणार का मागनं?"

"गप म्हटलं ना."

"मग उद्या तिला पाणी कोण पाजणार?"

सगुणीला वाटलं, हिला दोन द्याव्यात. जिच्यासाठी जीव मुठीत धरून निघाले तिला म्हशीची पडलीय. पण मारलं तर रडेल, रडली तर ऐकू जाईल. दात खाल्ले आणि पोरीचा हात धरून ओढत नेली.

टाकं आलं. चांदणं होतं थोडं. टाक्याच्या कडेला मेणा. पडदे सोडलेले, कापड नवं कोरं, जसा काही आत्ताच कुणी आणून ठेवला. सगुणीनं पदर तोंडात कोंबला आणि नजर खाली घालून पलीकडनं निघाली. चार पावलं गेली असेल.

"कोण आहे गं तिकडे?"

"जी."

निघालं तोंडातनं. पदर तोंडात असून निघालं. सगुणीनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही हसताय, पण तिचं काय चुकलं? तुम्ही-आम्ही असतो तर पळालो असतो, नाहीतर शिवी घातली असती. पण बटकीला समज यायच्या आधी ही हाक कळते. हाकेला उशीर झाला की पाठीत लाकूड. तिच्या जिभेनं तिला विचारलंच नाही.

"पाणी दे," मेण्यातनं आवाज आला.

पाय हलेनात पुढं. हुकूम झाल्यावर वळले ते टाक्याकडं वळले. टाक्याच्या कडेला तांब्या होताच. भरला, नेला. पडद्याबाहेर हात आला, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, आणि हाताला मांस म्हणाल तर नाही. पाणी आत गेलं आणि मेण्याच्या तळातनं टपटप खाली पडलं.

"गार नाही. दुसरं आण."

आता त्या टाक्याचं पाणी तुम्ही प्यालेले आहात. दात कळवळतात. आणि ही म्हणते गार नाही. सगुणीनं दुसरा तांब्या आणला. तिसरा आणला. चौथ्याला बाईसाहेब म्हणाल्या, राहू दे, पाय चेप.

पडद्याखालनं पाय बाहेर आले. टाचा पुढं आणि बोटं मागं. तळवा चेपायचा म्हणजे मेण्याखाली अर्धं शिरून चेपावा लागे. सगुणी शिरली. वरनं चालूच, "जोर नाही का हाताला? खाऊन खाऊन सुस्तावल्यात सगळ्या." सगुणीला भीती होतीच, पण खरं सांगायचं तर भीतीच्या वर तिला वैताग यायला लागला होता. सगळा दिवस जिवंत बाईसाहेबांचे पाय चेपले, आता रात्री मेलेल्या बाईसाहेबांचे. पळून आलं तरी कामातनं सुटका नाही म्हणजे काय? तिकडं चांदणं सरत होतं. खाली सुकती लागायची वेळ जवळ येत होती.

"बास. आता उचल मेणा. घरी ने मला."

झालं. सगुणीच्या खांद्यावर पुढचा दांडा आला. मागचा दांडा कुणी धरला होता? कुणीच नाही. मागं बघितलं तर दांडा हवेत आणि मेणा हलतोय, भोई चालतात तशा तालात. आणि तोंड कुठं, तर वर. जितकी नाळ ती उतरून आली होती तेवढी आता चढत होती, खांद्यावर ओझं घेऊन. पावलागणिक मेणा जड होत होता. खांद्याचं कातडं सोलत होतं. पुतळी पदराला धरून मागनं, "आये, आपण परत का चाललो? खाली जायचं होतं ना?" उत्तर द्यायला श्वास कुठं होता?

माथा जवळ आला. इतका जवळ की वरनं घरघर ऐकू आली. भागीनं जातं सुरू केलं होतं. पण दाणे भरडताना जात्याचा आवाज दबका येतो, हा मोकळा येत होता. दाणे संपले होते. म्हातारी दगडावर दगड ओढत होती. आणि मध्येच थांबत होती. पुन्हा ओढत होती. पुन्हा थांबत होती.

तो आवाज ऐकला आणि सगुणीचं डोकं चालायला लागलं. भुताशी कसं वागावं हे तिला ठाऊक नव्हतं. पण बाईसाहेबांशी कसं वागावं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कामातनं अंग कसं काढायचं, हेच तर ती जन्मभर शिकली होती. ती थांबली. तोंड एकदम गरीब केलं.

"बाईसाहेब, विडा करून आणू का? तोंड कोरडं पडलं असेल."

मेणा थांबला.

"आण. केव्हाचं सुचत नव्हतं का तुला?"

"पानं खालच्या मळ्यात आहेत. मेणा टेकवते आणि आलेच."

"जा. लौकर ये."

सुटली. दांडा खाली ठेवला, पोरीचा हात धरला, वळली. तेवढ्यात मागनं आवाज आला.

"पोर राहू दे इथंच. म्हणजे तू येशील."

बाईसाहेब मेलेल्या असल्या तरी बाईसाहेबच. बटकीला काय धरून ठेवतं हे त्यांना चांगलं ठाऊक. मेण्याचा पडदा वर झाला आणि तो बांगड्यांचा हात लांब होत होत आला आणि त्यानं पुतळीची वेणी धरली. "आमच्याच घरची ना ही? पाय चेपायला बरी होईल."

 सगुणीनं ज्यासाठी घर सोडायचं ठरवलं, शब्दाला शब्द तेच. एका घरातली जिवंत बाई पोर मागते आणि मेलेलीही तीच मागते. पण रडायला वेळ नव्हता. ती पोरीवर खेकसली.

"काय गं, वळवळतेस कशाला? लागलीय का तुला?"

"नाही."

"लागलीय."

"नाही ना लागली. मघाशी केली होती."

काय म्हणावं अशा पोरीला? सगळ्या जन्मात एकदा खोटं बोलायची वेळ आली आणि ही खरं बोलतेय. सगुणीनं तिला असा चिमटा काढला की पोर किंचाळली. किंचाळताना मागं बघितलं, आणि वेणी धरलेला तो हात तिला पहिल्यांदा नीट दिसला. मग काही खोटं बोलायची गरज राहिली नाही. भीतीनं धार लागली, थेट मेण्याच्या दांड्यावर, आणि तिथनं पडद्यावर.

"शी, शी, शी," बाईसाहेबांनी हात मागं घेतला, पडदा ओढला. "कोरं कापड बाटवलं. ने तिला इथनं. ने लांब."

सगुणी हात जोडून उभी राहिली. "किती लांब नेऊ, बाईसाहेब?"

"मला पुन्हा दिसणार नाही इतकी लांब ने."

"जी," सगुणी म्हणाली.

आणि पोरीला काखोटीला मारून जी उतरत सुटली ती दगड बघितला नाही, काटा बघितला नाही. नाळेत सरळ चालता येत नाही तिथं ती बसून घसरली. टाकं ओलांडलं तेव्हा मागनं हाक आली. विडा कुठाय म्हणून असेल, नाहीतर फसवलं हे कळलं असेल.

"कोण आहे गं तिकडे?"

या खेपेला सगुणीनं जीभ दातांखाली धरली. पण काखेतली पोर. ऐका हं, इथं माझ्या अंगावर काटा येतो. काखेतल्या पोरीनं तोंड उघडलं. कारण तिलाही शिकवलेलं होतं ना. कुणी शिकवलं? सगुणीनंच. तुला मार बसायला नको, हाक आली की लगेच जी म्हणायचं, असं थापट्या मारमारून शिकवलं होतं. पोर "ज" म्हणेपर्यंत सगुणीनं तिच्या तोंडावर हात दाबला. पोर कडकडून चावली. हाताचं रक्त निघालं, पण हात काढला नाही.

हाक पुन्हा आली. या बाजूच्या कड्यातनं आली, मग त्या बाजूच्या कड्यातनं. गोड आवाजात आली. इनामदाराच्या आवाजात आली, शिपायांसकट. आणि शेवटी भागीच्या आवाजात आली.

"सगुणे, धरलं गं मला. एवढी ओ दे, म्हणजे सोडतील."

सगुणी थांबली. भुताचा आवाज आहे हे तिला कळत होतं. पण खरंच धरलं असेल भागीला तर? ती उभ्या जागी ढसाढसा रडली, आवाज न करता. ओ दिली नाही. रडत रडत तशीच उतरली.

खाडीवर आली तेव्हा पूर्वेला उजळायला लागलं होतं. पाणी मागं सरत होतं. चिखलात एक होडी आणि होडीपाशी एक माणूस, तोंड दिसत नव्हतं. त्याला पावलं ऐकू गेली. तो ओरडला.

"कोन हाय तिकरं?"

सगुणी जागच्या जागी थिजली. पुतळी थिजली. दोघींनी तोंडं मिटून घेतली.

"अरं कोन हाय? बोला, नायतं मी होरी सोरतो."

बोलतात कशाला? रात्रभर हेच तर सोसलं होतं. कोळी चिडला. एकीकडं सुकती चाललीय, दुसरीकडं काठावर कुणीतरी उभं राहून मुकं झालंय. त्यानं दोन सणसणीत शिव्या घातल्या आणि चिखलात वाकून नांगर उपटायला लागला. होडी हलली. झालं असतं, रात्रभराचं सगळं वाया गेलं असतं, वरनं शिपाई आले असते आणि दोघींना फरफटत नेलं असतं.

पण सगुणी बघत होती. तो माणूस हाक मारत होता आणि नांगर स्वतःच्या हातानं उपटत होता. ढोपरापर्यंत चिखलात उभा होता, धापा टाकत होता. तिनं जन्मात ज्यांच्या हाका ऐकल्या होत्या त्यांच्यातलं कुणी असं हाक मारताना काम करत नव्हतं. हा बाईसाहेबांपैकी नव्हता.

ती पाण्यात धावली. तोंड उघडलं, आणि जे पहिलं जिभेवर आलं ते तिनं गिळलं. मग म्हणाली, "मी हाय. सगुणी. आन ही माझी लेक."

माझी लेक. हे तिनं त्या आधी कुणापुढं म्हटलं नव्हतं. म्हणायची सोयच नव्हती.

कोळी म्हणाला, "मंग येवरा येल तोंरात काय झालता? चर बेगीन."

होडीत चढल्या आणि गेल्या दोघी. पलीकडं सगुणीनं मासळी वाळवली, मीठ ओढलं, म्हातारी होऊन मेली. पुतळीला मुलं झाली, ती पुतळीचीच राहिली. बाईसाहेब म्हणाल्या होत्या ना, मला दिसणार नाही इतकी लांब ने. तेवढा एक हुकूम सगुणीनं मरेपर्यंत मनापासून पाळला.

भागीचं काय झालं? मला वाटलंच कुणीतरी विचारणार. मला माहीत नाही. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही माहीत नव्हतं. मला त्याचा राग येतो, खरंच सांगतो. दगडावर दगड ओढून तिनं दोन जीव सोडवले आणि तिचं पुढं काय झालं हे सांगायला एक माणूस नाही. सगुणी म्हणे पलीकडंही पहाटे उठून बसायची आणि डोंगराकडं कान लावायची. तिला काही ऐकू यायचं की नाही, देव जाणे.

आणि त्या बाईसाहेब अजून तिथंच आहेत. विड्याची वाट बघतायत, मेणा बाटला म्हणून चिडल्यायत, आणि घरी न्यायला त्यांना माणूस पाहिजे. म्हणून सांगतो, रात्री त्या नाळेत जाऊ नये. कुणीच जाऊ नये.

काय रुपेश, बांधतोस चपला? तू भूतबित मानत नाहीस, ठीक आहे, मानू नको. पण मघाशी तुझा फोन वाजला तेव्हा मी बघत होतो. सुपरवायझरचा होता ना? तिकडनं त्याला काही दिसत नाही, तरी तू ताडकन उठून उभा राहिलास, आणि तो काय सांगतोय ते ऐकायच्या आधी हो साहेब म्हणालास. तू त्या वाटेनं जाऊच नको, बाबा.